डाव्या बाजूची काजळी

रेवा, हा निरोप निवांत बसून ऐक गं. फोनवर बोलतेस तशी घाई नको. तुझी आई गेल्याचं एडिनबराहून तूच कळवलंस, त्याला आता सहा आठवडे झाले. आणि परवा म्हणतेस, "मावशी, आईनं काढलेलं एक पण चित्र नाही माझ्याकडे." अगं वेडाबाई, मला आधी विचारायचंस ना!

तुझी आई सुनंदा इथे लंडनला, हॅरोत माझ्या शेजारी राहायची, तेव्हा चित्रं काढायला माझ्या किचनच्या टेबलाशी बसायची. उजेड चांगला तिथला. एका संग्राहक गृहस्थांच्या पुस्तकासाठी जुन्या अमेरिकन घरांतले दिवे काढत होती... पत्र्याचे कंदील, मेणबत्त्यांचे साचे, चरबीवर जळणारे लोखंडी दिवे. एकेका दिव्याला पंधरा-पंधरा दिवस. पोचे, गंज, काजळी, सगळं हुबेहूब. ज्योत मात्र कधीच नाही. मी चिडवायची, "बाई, सगळे विझलेलेच काय काढतेस?" तर म्हणायची, "ज्योत कुणीही काढेल, विजू. घरात दिवा किती जळलाय, ते काजळी सांगते."

एवढं ऐकूनही मी काय केलं? दिव्यांची अवस आली. समई, निरांजनं घासायला काढली, त्यांच्याबरोबर तिनं चित्रासाठी टेबलावर ठेवलेला, त्या गृहस्थांचा लोखंडी दिवाही घेतला. पणतीसारखा चपटा, पुढे चोच, वर टांगायला आकडा. परदेशी झाला तरी दिवाच ना! चिंच लावून तारेच्या घासणीनं अर्धा लख्ख केला, तेवढ्यात सुनंदा आली...

दोनशे वर्षांची काजळी सिंकमधून वाहून गेलेली. "आता तुझं काम जाणार गं," म्हणत मी रडायलाच लागले. तिनं माझ्या हातातली घासणी काढून घेतली, त्या गृहस्थांना फोन लावला आणि सांगितलं, "चूक माझ्या हातून झाली." माझं नावसुद्धा घेतलं नाही. त्यांनी दिवा परत मागवला, पण तिचं काम गेलं नाही.

दिवा परत करण्याआधी तिनं तो होता तसाच काढला, अर्धा काळा, अर्धा चकचकीत. बाकीची चित्रं त्या गृहस्थांकडे गेली. हे पुस्तकात चालणार नव्हतं, म्हणून मला दिलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'डावी बाजू वापरलेली, उजवी बाजू पुजलेली.'

माझी शाळा सातवीपर्यंत. एखाद्या वस्तूकडे नीट बघायचं कसं, ते मला तुझ्या आईनं शिकवलं. चित्र किटलीच्या मागच्या भिंतीवर आहे. काचेवर फोडणीचा थर बसतो, मी पुसते. डावीकडे आलं की हात आपोआप हळू होतो...

ते आता तुझं. पण पोस्टानं पाठवायची नाही हं मी. तिकीट काढ आणि लवकर ये. सकाळची ये, टेबलावर उजेड असताना.