तापलेली काच आणि खारबावचा सत्कार

मी नक्की काय करतो हे कामतघरच्या आमच्या घरात कुणालाच कळत नव्हतं, आणि मला त्याचा जरा अभिमानच होता. वडिलांचा लूमचा कारखाना. कापड दिसतं, हाताला लागतं. मी मुंबईच्या एका संस्थेत पीएचडी करत होतो आणि केसाएवढ्या काचेच्या तारेत लेझरने रेघा उमटवत होतो. त्या रेघा डोळ्यांना दिसत नाहीत. तारेत वेगळा साधा प्रकाश सोडला की त्यातला एकच रंग रेघांवरून मागे फिरतो आणि संगणकाच्या पडद्यावर त्या जागी एक टोक वर येतं. काम एवढंच. पण शनिवारी घरी आलो की हे अशा काही आवाजात सांगायचो की आई गॅस बारीक करून ऐकायची.

एकदा ते टोक भलतंच सरकायला लागलं. रेघा पक्क्या होताना ते थोडं सरकतंच, पण मी लेझरचा जोर वाढवला तसं ते भराभर उजवीकडे निघालं, पुस्तकात लिहिलंय त्याच्या कितीतरी पुढे. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. शहाण्या माणसाने आधी आपल्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं असतं. मी आधी वडिलांना फोन केला.

"बाबा, मला काहीतरी नवीन सापडलंय. जगात कुणाला माहीत नसलेलं."

"म्हंजे शोध?"

"बहुतेक," मी म्हणालो.

बातमी खारबावला मामाकडे पोचेपर्यंत त्यातलं 'बहुतेक' गळून पडलं होतं. मामाची गोदामं होती, गावात वजन होतं. त्याने लगेच येत्या रविवारी माझा सत्कार ठरवून टाकला.

मग मी मॅडमना टोक दाखवलं. त्या उभ्या राहून थोडा वेळ बघत होत्या.

"लेझर बंद कर," त्या म्हणाल्या. मी केला. "आता पडद्याकडे बघ."

माझा शोध माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे घसरत गेला आणि पुस्तकात लिहिलेल्या जागी जाऊन थांबला.

"काच तापली होती. तापली की टोक सरकतं, निवली की परत येतं. लेझर बंद केल्यावर तू एकदाही बघितलं नाहीस?"

"नाही मॅडम. बंद केला की मी चहाला जायचो."

त्यांनी तार सूक्ष्मदर्शकाखाली धरली. वरचं प्लास्टिकचं आवरण मी सोलून काढलं होतं, पण पुसताना आळस केला होता. ठिकठिकाणी त्याचे कण चिकटलेले होते. लेझरची ऊर्जा ते कणच पीत होते आणि तारेला तापवत होते. म्हणजे मी शोधला होता तो माझाच गबाळेपणा.

बाहेर येऊन मामाला फोन लावला. "मामा, रद्द कर. तो शोध न्हाय."

"आरं, फ्लेक्स लागला!"

रविवारी खारबावला उतरलो तर फ्लेक्स खरंच लागला होता, रिक्षा स्टँडसमोर. माझा कॉलेजातला फोटो, डोक्यामागून निघणारे हिरवे किरण आणि खाली 'लेझर सम्राट'. मी मान खाली घालून पुढे गेलो. रिक्षावाल्याने आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "फोटो में अच्छे दिखते हो."

शाल, नारळ झाल्यावर मी माइक घेतला. आता खरं बोलायचंच, असं रस्ताभर घोकलं होतं. "तुम्ही समजता तसं काही झालेलं नाही," मी सुरुवात केली. "लेझरमुळे काच तापली. मला आधी ते कळलंच नाही. चूक माझी होती."

मंडपातल्या माना डोलल्या. मला वाटलं, पचलं यांना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मामी उठली आणि सरळ स्टेजवर आली.

"हात दाखव आधी. भाजलं न्हाय ना कुठं?"

"मामी, हात नाही, काच तापली."

"काच तापली तर हात तापणारच!" तिने माझे दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघितले आणि सभेला दाखवले. "हाय, धड हाय." टाळ्या कडाडल्या. एवढ्या टाळ्या शोधालाही मिळाल्या नसत्या. वडील एका कोपऱ्यात डोळे पुसत होते. मागाहून मला म्हणाले, "एवढं जिवावरचं काम करतोस, बोलला न्हाईस कधी."

मी पुन्हा समजवायला गेलो नाही. खरं सांगायचं तर, डोळे पुसणारे वडील मला आवडले होते.

मॅडमनी मात्र मला सोडलं नाही. "आता हेच मोज," म्हणाल्या. मग तारा नीट पुसून, स्वच्छ तारही लेझरच्या कोणत्या जोराला किती तापते हे मोजण्यात माझे पुढचे कित्येक महिने गेले. ते कळलं की काच निवल्यावर टोक कुठे जाऊन बसेल हे आधीच सांगता येतं. कंटाळवाणं काम होतं, पण खरं निघालं, आणि त्यावरच मला पदवी मिळाली.

आईने आळीभर पेढे वाटले आणि सांगितलं, "मुलगा डॉक्टर झाला. भाजण्याचा."

दोनच दिवसांनी शेजारच्या चाळीतली एक बाई चहाचं पातेलं हातावर सांडून आमच्या दारात आली. मी तिचा हात नळाखाली धरला, गार पाणी बराच वेळ सोडलं, आणि रिक्षा करून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "हातावर पाणी लगेच कुणी सोडलं? छान केलं."

बाईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ये भी डॉक्टर हैं."

मी डॉक्टरांना हसून नमस्कार केला.