अक्कापुढचा काचेचा ग्लास

दादाच्या लग्नाचा बस्ता होता, जळगावला. ऐंशीच्या दशकाची अखेर, वैशाखाचं ऊन... जळगावचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. नवरी धुळ्याची, देवपूरची. दोन्हीकडची मंडळी सकाळपासून कापडाच्या दुकानात गादीवर ठाण मांडून बसलेली. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, त्यामुळे साड्यांवर मत द्यायचा अधिकार मला नव्यानेच मिळाला होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या हातांवर आणि ओठांभोवती कोड होतं. कोड लागत नाही, हे डॉक्टर तेव्हाही सांगायचे... ऐकत कोण होतं? त्यापायी तिचं लग्न राहिलं, आणि हळूहळू तिने चार लोकांत जाणंच सोडलं. दादाच्या साखरपुड्यालाही ती आली नव्हती.

करवली म्हणून अक्कानेच उभं राहायचं, हा दादाचा हट्ट. तिचं आपलं एकच... "मी घर पाह्यते, तुमी जा." बस्त्याला तिला कसंबसं तयार केलं ते दादालाच ठाऊक.

आईचा मात्र जीव टांगणीला लागलेला. धुळ्याच्या विहीणबाई अक्काला पहिल्यांदाच बघत होत्या आणि त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खरं तर आम्ही मुलाकडचे, तोरा आम्ही मिरवायचा! पण आईच मुलीकडची असल्यासारखी बिचकून होती.

दुपारी पुरुष मंडळी दुकानदाराशी घासाघीस करत बसली आणि आम्ही चौघी जेवायला बाहेर पडलो... आई, विहीणबाई, अक्का आणि मी. जवळच एक बऱ्यापैकी हॉटेल होतं. आत मोठे पंखे, अर्धी टेबलं रिकामी.

गल्ल्यावरच्या मालकाची नजर अक्काच्या हातांवरून ओठांवर गेली. "फॅमिली रूममध्ये बसा ना ताई, निवांत," तो म्हणाला. आवाज अगदी साखरेत घोळलेला.

मला तर आनंदच झाला. फॅमिली रूम, वर पडदा... केवढी शान! प्रत्यक्षात तो लाकडी फळ्यांचा खोका होता. पंखा नाही, आणि पडद्याला आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी हात पुसलेले.

वेटरने पाणी आणलं. तीन ग्लास स्टीलचे आणि एक काचेचा. काचेचा त्याने नेमका अक्कापुढे ठेवला.

अक्काने हात पदराखाली घेतले. तिला कळलं होतं, आईलाही कळलं होतं. मला काहीच कळलं नाही... आणि विहीणबाईंनाही नाही.

त्यांना वाटलं, मुलाकडच्यांचा मान म्हणून हॉटेलवाल्याने एक भारीतला ग्लास दिलाय, फक्त भलत्याच माणसापुढे ठेवलाय. त्यांनी तो उचलून आईपुढे सरकवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "ल्या विहीणबाई, हाऊ तुम्हना मान शे!"

वेटर गडबडला. "नाही नाही मावशी, तो त्यांचा वेगळा ग्लास आहे. मालकांनी सांगितलंय." आणि त्याने हनुवटीने अक्काकडे दाखवलं.

माझे कान तापले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. अक्का उठायला लागली... ती त्या क्षणी उठून गेली असती तर पुन्हा कुठल्या लग्नाला, कुठल्याच कार्याला आली नसती, एवढं मलाही कळत होतं.

विहीणबाईंनी एकदा ग्लासाकडे बघितलं, एकदा अक्काच्या ओठांकडे. मग त्यांनी अक्काचा हात धरून तिला खाली बसवलं. वेटरला म्हणाल्या, "आम्ही बठ्ठ्या एकच घरन्या शेतस. बठ्ठ्यासले तसाच ग्लास आन."

"सगळ्यांना? असल्या गिऱ्हाइकांसाठी तसला एकच ठेवलाय," तो पुटपुटला.

"एकच शे? मंग एकच बस!" असं म्हणून त्यांनी तो ग्लास तोंडाला लावला. अर्धा रिकामा करून आईला दिला, आईने मला दिला. मग भरून अक्काला.

मला वाटलं, अक्का रडणार. ती हसायला लागली हो... किती वर्षांनी तिला असं मोठ्याने हसताना ऐकत होते. मग तिने एका हाताने पडदा बाजूला केला. "लय गरमी होऊ राह्यली या खोक्यात. चाला, पंख्याखाली बसू."

आणि चक्क मधल्या टेबलावर जाऊन बसली! मालक काहीतरी बोलणार होता. विहीणबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने गल्ल्यात डोकं घातलं ते आम्ही जाईपर्यंत वर काढलं नाही. शेवभाजी भयंकर तिखट होती. अक्काने दोनदा मागून घेतली.

लग्नात करवली अक्काच होती. पुढे वहिनीशी तर तिचं असं मेतकूट जमलं, की दोघी एक झाल्या की दादाचं घरात काही चालायचं नाही.

खूप वर्षांनी, विहीणबाई अगदी थकल्या होत्या तेव्हा, देवपूरला त्यांच्या खाटेशी बसून मी विचारलं... त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली? मी धरूनच चालले होते, की कोड लागत नाही हे त्यांना माहीत असणार.

त्या हसल्या. "भ्याव वाटनं ना, पोरी. तवय आम्हले काय माहीत? पन मन्ही लेक त्याच घरमा जाणार व्हती. मी भ्याईसन मांगे सरकती, तं ती बी जलमभर भ्याती."

न घाबरणाऱ्या माणसांचं मला कौतुक आहेच... पण आमचं सगळं घर ऋणी आहे ते घाबरत घाबरत पाणी प्यायलेल्या त्या बाईचं.