बस्ता कुठल्या रकान्यात

रविवार, १६ नोव्हेंबर. दुकान बंद ठेवलं होतं आणि काम होतं साठ फॉर्मांची बेरीज करण्याचं. जामखेडच्या एका शॉपिंग सेंटरमध्ये माझं साड्यांचं दुकान आहे. शेजारचा गाळा रिकामा होणार होता, मालकाला सोमवारी सकाळी उत्तर हवं होतं. गाळा घेऊन तिथं लग्नाच्या भारी साड्या ठेवायच्या, असा माझा विचार. त्यात नवऱ्याच्या विम्याचे सगळे पैसे जाणार होते. अंदाज चुकला तर पुन्हा घालायला काही नव्हतं.

लग्नाआधी मी नगरला बाजार-पाहणीच्या कामावर होते. पद्धत साधी आहे. भागातली घरं एखाद्या मालावर किती खर्च करतात ते विचारायचं, इथली दुकानं तो माल किती विकतात ते काढायचं. विक्री कमी निघाली तर पैसा बाहेर चाललाय, ती गळती. जास्त निघाली तर बाहेरचं गिऱ्हाईक येतंय, ती भर. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी मी घरोघर गेले. निवडणुकीला उभ्या राहताय काय, असंही गल्लीत विचारून झालं. बऱ्याच घरांत चहा झाला. ते बरं वाटत होतं. एरवी दुकान बंद केल्यावर सकाळपर्यंत माझं कोणाशी बोलणं होत नाही.

किराणा जवळपास जुळला. चपला-बूट गळतीत गेले. कापडात मात्र चांगली भर निघाली. खेड्यांतली माणसं येत असणार, असं धरून मी मनातल्या मनात गाळा घेऊनही टाकला. फक्त समोरच्या घरातल्या बाईंच्या फॉर्मवर कपड्यांचा रकाना कोरा होता. तेवढा भरून आणायला दुपारी गेले.

त्यांच्या बैठकीत गठ्ठेच गठ्ठे. मुलीचं लग्न ठरलं होतं. दोन्हीकडची माणसं आदल्या दिवशी दोन जीप करून नगरला गेली आणि लग्नाच्या सगळ्या कपड्यांचा बस्ता बांधून आली. जेवायला कुठं थांबले, शालूवरून दोन मावश्यांचं कसं वाजलं, सगळं त्यांनी हसत सांगितलं. मग हे फॉर्ममध्ये का नाही लिहिलं, असं मी विचारलं.

"बस्ता कुठं खरेदीत धरत्यात, ताई? त्यो लग्नात जातो."

चूक माझीच होती. याच भागात वाढून मी "कपडे" असा रकाना आखून बसले होते. माझ्याकडे भारी साड्या असत्या तर बस्ता इथं बांधला असता का, असंही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, मग पाहुण्यांना जीपमधून फिरवायचं कुठं? नंतर हातातल्या साडीची घडी नीट करत राहिल्या.

"पहिल्या साडीला सवाष्णीनंच हात लावावा, असं म्हाताऱ्या मानसांचं असतं. मी न्हाई मानत तसलं."

मी बरं म्हटलं. निघताना त्यांनी विचारलं, आहेराच्या पंधरा साड्या कमी पडल्यात, तुमच्याकडं असतील ना? असतील, म्हटलं.

तिथून मी अलीकडे लग्न झालेल्या आठ-नऊ घरी पुन्हा जाऊन आले. बस्ता सगळ्यांचाच बाहेरचा. आहेराला कमी पडलेल्या साड्या तेवढ्या आमच्या दुकानांतून नेलेल्या, आणि त्याही लग्नाच्या खर्चात, म्हणजे आमच्या विक्रीत धरलेल्या पण कुणाच्या फॉर्मवर नसलेल्या. माझी भर ती एवढीच होती. बस्ता धरून बेरीज मांडली तर कापडाची गळती सगळ्यांत मोठी निघाली. शेजारचा गाळा घेऊन ती थांबणार नव्हती. उरलेल्या एका कोऱ्या फॉर्मवर मी माझं घर लिहिलं. माणसे: एक. कपडे: दुकानातलेच.

सोमवारी सकाळी मालकाला नाही म्हणून सांगितलं. लग्नसराई तोंडावर आहे, विचार करा, असं तो म्हणाला. झालाय विचार, म्हटलं. मग आहेराच्या पंधरा साड्या काढल्या, मोजल्या आणि समोरच्या घरी घेऊन गेले. आत बायकांची गर्दी होती. बाई चहाला थांबा म्हणाल्या. दुकान उघडायची वेळ झाली होती, म्हणून गठ्ठा दारातच दिला आणि निघाले.