ओवाळणीतले टायर

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला माझ्या भावाने मला ओवाळणीत चार टायर घातले. हसू नका, तेव्हा मीही हसले होते. ताटात टायर मावणार कसे, म्हणून त्याने दुकानाचं कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "साडी काय कुणीही देतं. तुझे टायर पार गुळगुळीत झालेत. उद्या डोंबिवलीत ये, माझ्या ओळखीचा माणूस आहे."

ओळखीचा माणूस हा आमच्या घराण्याचा रोगच आहे. डॉक्टर ओळखीचा, सोनार ओळखीचा, शेगडी दुरुस्त करणारासुद्धा ओळखीचा. एकदा ओळख निघाली की पुढे काही विचारायचं नसतं. आणि ओवाळणीला तर नावं ठेवायचीच नसतात. भावाने घातलेली साडी कुणी मोजून बघतं का? मग टायरची साइज कोण बघणार! दुसऱ्या दिवशी दादा माझी गाडी घेऊन दुकानात गेला आणि मी त्याच्या घरी वहिनीच्या चकल्या खात बसले.

गाडी माझ्या नवऱ्याची, छोटीशीच. तो गेल्यावर दोन वर्षं झाकून ठेवली होती. मग बावन्नाव्या वर्षी मी चालवायला शिकले, कळव्याच्या गल्ल्यांत, शिकवणाऱ्याची बोलणी खात. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण आईच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही नौपाड्यात. आई राहते दादाकडे, डोंबिवलीत. दादाला वेळ नाही, वहिनीला चक्कर येते. मग मीच कळव्याहून जायचं, तिला घ्यायचं, नौपाड्यात न्यायचं, परत सोडायचं. आणि खरं सांगू? स्टेअरिंगवर बसले की मी कुणाची विधवा नसायचे आणि कुणाची धाकटी बहीणही नसायचे. ती गाडी मला जिवापाड आवडायची.

नवे टायर चांगले रुंद, टपोरे होते. "ग्रिप बघ," दादा म्हणाला. पण पहिल्या दिवसापासून स्टेअरिंग जड लागायला लागलं. पूर्ण वळवलं की पुढच्या चाकातून खर्रर्र आवाज. शेजारी बसलेली आई म्हणायची, "सांभाळून गं." दादाला फोन केला तर म्हणतो, "नवे आहेत, बसतील. आणि तू स्टेअरिंग उपटतेस, जरा हळू वळव." मी हळू वळवायला लागले. एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळण साधलं नाही आणि गाडी खांबाला घासली. झालं! दादाने सुनावलं, "बघ, तुझ्याच्याने होत नाही आता. बघ, आई बसते त्यात. उद्या काही झालं तर? गाडी मला देऊन टाक."

आईचं नाव काढलं आणि मी खचले. चार महिने मी स्वतःच्या हातांवर संशय घेत होते. शेवटी म्हटलं, ने बाबा गाडी, रविवारी कागदांवर सह्या करते. एकदाही "राहू दे गं" म्हणाला नाही.

शनिवारी माजिवड्याच्या पंपावर हवा भरायला गेले. भावाला द्यायची तर हवा भरून द्यावी, अशी मी गाढव. हवा भरणारे काका खाली वाकले, मडगार्डच्या आत हात घालून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे टायर ह्या गाडीचे नाहीत." मग माझ्या बाजूचं दार उघडून चौकटीवरचा टायरच्या साइजचा स्टिकर दाखवला. त्यावर एकशे पासष्ट. टायरवर एकशे पंच्याऐंशी. "रुंदही जास्त आणि उंचही. वळताना घासणारच. तुमची काही चूक नाही."

तुमची चूक नाही! हे ऐकायला मी इतकी आसुसले होते की तिथेच, पंपावर, रडले.

रडून झाल्यावर त्या ओळखीच्या माणसाचा राग आला. तशीच डोंबिवलीला गेले. दुकानात शिरताच म्हटलं, "तेव्हा डोळे फुटले होते का तुमचे?" तो चपापला. म्हणाला, "ताई, मी तेव्हाच सांगितलेलं, ही साइज बसणार नाही. तुमचे दादा म्हणाले, तूर्त चालेल. गाडी नाहीतरी माझ्याकडेच येणारे, मग अलॉय टाकू, थोडी उंच करू, तेव्हा हेच टायर लागतील." त्याने मागे बोट दाखवलं. दादाचे चार चकचकीत अलॉय व्हील प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले होते.

म्हणजे साइज अगदी विचार करून घेतली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मी वर त्याला ओवाळलं होतं.

तिथेच एकशे पासष्टचे बसवून घेतले. काढलेले चारही टायर डिकीत आणि मागच्या सीटवर कोंबले आणि दादाचं घर गाठलं. "दादा, तुझी ओवाळणी खाली गाडीत आहे. उतरवून घे."

त्याचा चेहरा उतरला. "अगं, तुझ्या काळजीपोटीच..."

"काळजीपोटी आईला चार महिने घासणाऱ्या चाकांवर बसवलंस?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई म्हणाली, "त्याला बोलू नकोस. मला विचारूनच केलंय त्याने. गाडी पुरुषाच्या हातात बरी."

प्रत्येक वळणावर ती माझ्या शेजारी बसून तो आवाज ऐकत होती. तिला ठाऊक होतं तो कशाचा ते. आणि मलाच म्हणत होती, सांभाळून गं.

गाडी मी दिली नाही. आईला अजूनही दर महिन्याला नेते. तिच्या डोळ्यांवर राग काढून काय करू? फक्त आता वाटेत आम्ही बोलत नाही.

यंदा भाऊबीजेला दादाचा फोन आला, "निघू का?" मी म्हटलं, "नको येऊस." आमच्याकडे जिला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. संध्याकाळी ताट घेऊन मी गच्चीवर गेले. कपडे काढायला आलेली शेजारीण थबकली. "अहो, तुम्हाला तर भाऊ आहे ना?"

"होता," मी म्हटलं, आणि निरांजन लावलं.