तेवीस नंबरची शेगडी

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू?

आता त्यांच्या शेगडीचं काय होणार.

लाज वाटते लिहायला. पण आज खोटं लिहिणार नाही. खोटं एकदा बोलून झालंय.

इस्माईलभाई रत्नागिरीकडचे. इथे रियाधला, अल मलाझमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. एसी रिपेअरिंगचं काम. जुम्म्याची नमाज झाली की गच्चीवर कोळसा पेटवायचे आणि बिडाच्या जुन्या शेगडीवर सगळ्यांना चहा.

मला जुने स्टोव्ह जमवायचा नाद. माझ्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात चार पितळी स्टोव्ह आहेत, लाइटिंगसकट.

गर्दी मात्र त्यांच्या गच्चीवर.

पहिल्याच शुक्रवारी त्यांनी राख झाडायला शेगडी उलटी केली. पायाच्या आत 'कोल्हापूर' आणि त्याखाली आकडा होता. २३.

माझे अण्णा कोल्हापूरला शेगड्या ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. मालकाने कुलूप लावलं तेव्हा कामगारांनीच सोसायटी काढून ती चालवायला घेतली. मग नियम केला. ज्याने साचा भरला, त्याने आपला मेंबर नंबर पायाच्या आत टाकायचा. शेगडी तडकली तर त्यानेच नवी ओतून द्यायची.

अण्णा तेवीस नंबर.

आमच्या घरची शेगडी गॅस आल्यावर आईने भंगारात घातली. त्यामुळे फोनवर अण्णा हमखास विचारायचे, "माझी एखादी दिसली का रे कुठे? तक्रार घेऊन लोक यायचे. चांगली चालली हे सांगायला कुणी आलं नाही."

मी इस्माईलभाईंना म्हटलं, "ही मला द्या. माझा हवा तो स्टोव्ह घ्या."

"आईची शेगडी हाय. ती कोन देतो? बॅगेतले कपडे काढून हिला आणली मी." मग म्हणाले, "तुम्ही कोल्हापूरचे ना? नंबर ओतणाऱ्याचा असतो, आई बोलायची. ह्यो तेवीस नंबर कोन, ठावूक हाय काय? आईनं मरेपर्यंत हिच्यावर रांधलं. एक तडा नाय. त्याला सांगायचं हाय."

मी म्हटलं, "नाही हो. पुष्कळ कामगार होते तिथे."

का?

कारण ती शेगडी अण्णांपुढे मला ठेवायची होती. मी. ही बातमी त्यांना दुसऱ्या कुणी द्यावी हे मला सहनच होईना. आज ना उद्या इस्माईलभाई ती देतील म्हणून थांबलो. दर शुक्रवारी शेगडी मागितली. दर शुक्रवारी चहा मिळाला.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. शेवटच्या फोनवरही विचारत होते.

मग इस्माईलभाईंना खरं सांगायला तोंडच राहिलं नाही.

काल इस्माईलभाईंच्या पत्नी रेहानाभाभी शेगडी घेऊन दारात आल्या. सामान बांधून झालंय, गावी निघाल्यात. "ते बोलायचे, भाऊंचा हिच्यावर लय जीव हाय. ठेवा तुमच्याकडं."

मी त्यांना सगळं सांगितलं.

"एक व्हिडिओ कॉल लावला असता, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

आणि शेगडी उचलून परत घेऊन गेल्या. बरोबर केलं.

इस्माईलभाई, तेवीस नंबर म्हणजे माझे अण्णा. आता भेटतीलच तुम्हाला. सांगा त्यांना, एक तडा नाही.

तुमच्या हातचा चहा पीत ते ऐकतील आणि मी तिथे नसेन. खरं सांगतो, त्यानेही जळतोय.

माफ करा. खुदा हाफिज, इस्माईलभाई.