एकही फट नसलेला आठवडा

आखातातल्या मुसफ्फाच्या साइटवर रामेश्वर शिवगणला सगळे 'चाचा' म्हणतात. शटरिंगचा फोरमन. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा जो साचा बांधतात, त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. साच्याला केसाएवढी फट राहिली तरी सिमेंटचा रस गळतो आणि खांब आतून पोकळ होतो, हे तो नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवतो की पोरं पाठीमागे त्याची नक्कल करतात. तर अशा माणसाची बायको जन्मात पहिल्यांदा परदेशी यायला निघाली. मग काय विचारता? त्यानं तिचा आख्खा आठवडा साच्यासारखाच बांधून काढला. कुठं बोट घालायला जागा ठेवली नाही.

मुक्काम होता मोहम्मद बिन झायद सिटीत, सुजाताकडे. सुजाता त्याच्याच वाडीतली, लांज्याकडची. नवरा बँकेत, स्वतः शाळेत, व्हिलाच्या एका पोर्शनमध्ये राहतात. लेक अस्मीची खोली तिनं आठवडाभर दादा-वहिनींसाठी मोकळी करून दिली. सगुणावहिनी यायच्या आदल्या संध्याकाळी रामेश्वरनं सोफ्यावर बसून सगळा बेत म्हणून दाखवला. मोठी मशीद, समुद्रकाठचं कॉर्निश, अल ऐन, तिथला डोंगर, दुबई, शारजा, फुजैराचा समुद्र. सगळं सकाळी जाऊन रात्री परत.

"दादा," सुजाता म्हणाली, "वहिनी येतायत की शाळेची सहल येतेय?"

"पहिल्यांदा येतेय ती. काही राहायला नको."

अस्मीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मामा, बट व्हेन विल शी स्लीप?"

"गाडीत," मामा म्हणाले.

व्हिलातल्या बायका हे ऐकून अगदी विरघळल्या. काय तो नवरा, काय ते प्रेम! शेजारच्या हमीदाबाईंनी तर मशिदीसाठी आपला इस्त्रीचा अबाया, म्हणजे पायघोळ काळा झगा, काढून दिला आणि घरी जाऊन स्वतःच्या नवऱ्याला चार गोष्टी सुनावल्या. त्या बिचाऱ्याला फुकट बोलणी बसली, कारण प्रेमाचा भाग होता तेवढा होता, पण बेतामागची गोम वेगळीच होती.

झालं होतं असं, की ऑफिसनं रामेश्वरला विचारलं होतं, चाचा, हिशेब करून घरी जायचं की आणखी दोन वर्षं? आणि इकडे सगुणा फोनवर वर्षभर एकच धोशा लावून होती. घर बांधून झालं, पोरीचं, ममताचं, लग्न झालं, आता बस झालं, या. शेवटी म्हणाली, फोनवर तुम्ही 'बघू बघू' करता, मी तिथंच येते आणि समोर बसून विचारते. आता समोर बसून विचारल्यावर 'बघू' म्हणता येत नाही, हे रामेश्वरला ठाऊक होतं. तिचा व्हिसा यायच्या आधीच तो ऑफिसात गेला आणि दोन वर्षांवर सही करून आला. ते तिला सांगायचं कसं, एवढंच त्याला सुचेना. म्हणून हे सगळं देशदर्शन.

सगुणा आली. विमानतळावर त्यानं तिच्या हातातली बॅग घेतली आणि "प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं. तिनंही "झाला की" म्हणून पाहुण्यासारखंच उत्तर दिलं. बावीस-तेवीस वर्षांचा संसार, पण तो दर दोन वर्षांनी एकेका महिन्याचा. त्या महिन्यातही निम्मे दिवस लोकांकडे जेवायला जाण्यात सरायचे.

मशिदीत सुजाताचं सगळं कुटुंब बरोबर होतं. सगुणा काळ्या अबायात स्वतःकडेच बघून हसत होती. "ममताला फोटो पाठवू नका हो, जावई घाबरायचे." पांढऱ्या संगमरवरावर वेली कोरलेल्या, त्यांना हात लावायचा तिला फार मोह होत होता. एका कोपऱ्यात जरा सावली मिळाली तशी ती म्हणाली, "अहो, मला जरा बोलायचं होतं."

"आधी ते झुंबर बघ," रामेश्वर म्हणाला. "नाहीतर गर्दी होईल."

झुंबर काय पळून जाणार होतं?

अल ऐनला वासिफची गाडी होती. वासिफ म्हणजे कामगारांच्या कॅम्पवरच्या खोलीतला त्याचा जोडीदार, लखनौकडचा, बोलायला लोणी. मागच्या सीटवर खोलीतलेच आणखी दोघं कोंबून घेतले होते. सगुणा खिडकीशी अंग चोरून बसली. पण खजुरांच्या बागेत शिरल्यावर तिचा चेहराच पालटला. मातीच्या भिंतींमधून वाट, वर झावळ्यांची गार सावली, आणि बुंध्यांच्या मधून खळखळ वाहणारा पाण्याचा पाट. ती थांबलीच. "अहो, हे तर आपल्या पोफळीच्या बागेसारखं आहे! पाट बघा कसा काढलाय." तिनं चपला काढल्या आणि पाटाच्या कडेला बसून शेजारच्या दगडावर हात थोपटला. "बसा ना जरा."

वासिफ शहाणा. त्यानं लगेच बाकीच्या दोघांना खुणावलं. "चाचा, आप लोग बैठिए. हम ज़रा उधर खजूर देखते हैं."

आणि हा आमचा बहाद्दर काय म्हणाला असेल? "अरे रुको, मैं भी आता हूँ! खजूरवाला तुम लोगों को लूटेगा!" असं म्हणत तो त्यांच्यामागे अक्षरशः धावला. परत आला तो दोन किलो खजूर घेऊन. सगुणा अजून तिथंच होती, पाय पाण्यात नव्हते, नुसतेच पाटाच्या काठावर ठेवलेले. "यल्ला, चल, डोंगर राहिलाय," तो म्हणाला. ती उठली. गाडीत तिनं एकही खजूर खाल्ला नाही.

दुबईला बस. बसमध्ये पुढच्या रांगा बायकांच्या, पुरुष मागे. रामेश्वरनं तिला पुढं बसवलं, स्वतः मागच्या टोकाला जाऊन बसला आणि जाताना सांगून गेला, "इथं नियम कडक आहेत." सगुणानं मान डोलावली. परक्या देशात नियम मोडायचा नसतो, एवढं तिला कळत होतं. दुबईत त्यानं तिला टॉवर दाखवला, अब्रा नावाच्या होडीतून खाडी पार करवली, मॉलमधले मासे दाखवले. टॉवरवर चढायचं तिकीट ऐकून ती म्हणाली, "म्हणजे चार हजार रुपये? खालून दिसतोय की सगळा. वरून तर तो दिसणारच नाही." रामेश्वर मनापासून हसला. क्षणभर दोघंही हसले. तेव्हाच बोलून टाकायचं होतं त्यानं. पण कारंजं सुरू झालं, गर्दी पुढं सरकली आणि तो वेळ गेला.

परतीच्या बसमध्ये सगुणाच्या पुढच्याच सीटवर एक केरळी जोडपं होतं. पुरुषाच्या खांद्यावर बायको डोकं टाकून झोपलेली. ड्रायव्हरनं त्या दोघांना आरशातून पाहिलं आणि काही म्हटलं नाही. पुढच्या स्टॉपला एक फिलिपिनो मुलगी आपल्या नवऱ्यासह चढली, तीही दोघं शेजारीशेजारीच बसली. सगुणा मुसफ्फा येईपर्यंत आपल्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. बसमधून उतरल्यावर एवढंच म्हणाली, "बायको बरोबर असली की चालतं हो इथं पुढं बसलेलं."

रामेश्वरनं चपलेतली वाळू झटकायला म्हणून वाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फुजैरा. वासिफ गाडी घेऊन दारात, सुजातानं घावन डब्यात भरलेले, आणि सगुणा घरातल्या साध्या सुती साडीत पलंगावर बसलेली.

"तयार हो की. उशीर होतोय."

"मी नाही येत. समुद्र आपल्याकडे आहे." मग जरा थांबून म्हणाली, "मला तुमची खोली बघायचीय."

"कॅम्पवर बायकांना आत सोडत नाहीत, सगुणा."

"मग बाहेरून बघेन."

"बाहेरून काय दिसणार? नुसती बिल्डिंग आहे."

"अहो, आठवडाभर नुसत्या बिल्डिंगीच बघतेय ना? तुमची तेवढी बघायची राहिलीय."

सुजाता डबा हातात धरून दारात उभी होती. ती हळूच आत निघून गेली, आणि जाताना कधी नव्हे ते अस्मीचाही कान धरून तिला बरोबर घेऊन गेली.

वासिफनं दोघांना कॅम्पच्या फाटकासमोर सोडलं. सुट्टीचा दिवस. लांबलचक चार मजली इमारत, गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले निळे गणवेश, खाली पाण्याच्या टाकीशी डोकी धुणारी माणसं. दोघं रस्त्याच्या पलीकडे एका बंद गॅरेजच्या सावलीत उभे राहिले. "दुसरा मजला," रामेश्वरनं बोट दाखवलं. "टोकाकडून तिसरी खिडकी. चादर लावलीय ती."

सगुणानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तुम्ही वर जा ना. खिडकीत उभे राहा. म्हणजे मला नीट कळेल."

"काहीतरीच तुझं."

"जा हो."

तो गेला. जिन्यात पहिल्याच वळणावर एकानं त्याला धरलं, "चाचा, मेरे कमरे का दरवाज़ा बैठ गया है." दुसऱ्यानं भाजीत मीठ जास्त झालं म्हणून उपाय विचारला. खोलीत कॅरम चालू होता, त्याला बघताच सगळे ओरडले, "अरे, भाभीजी को कहाँ छोड़ आए?" तो खिडकीशी गेला, चादर बाजूला केली आणि हात हलवला. पलीकडून तिनंही हलवला. मग कुणीतरी मागून काही बोललं, तो वळला, काहीतरी उलट टाकलं, आणि खोली खदखदून हसली. तोही हसला, पोट धरून. बोलता बोलता त्यानं शेगडीवर पातेलं चढवलं, वरच्या फळीवरून चहाची पूड घेतली, आलं ठेचलं. वाकून कॅरमची एक सोंगटी स्वतःच मारली आणि भोकात घातली. तेव्हा कुठं त्याला आठवलं, की खाली ती उभी आहे.

खिडकीतून पाहिलं. ती हलली नव्हती. एवढा वेळ वरच बघत होती.

स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन तो खाली आला, रस्ता ओलांडला, ग्लास रुमालात धरून तिला दिला. "घे. ऊन आहे, पण घे."

तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला. "सही केलीत ना हो?"

त्याला खोटं सुचलं नाही. "केली."

"कधी?"

"तुझा व्हिसा यायच्या आधी."

रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला. तो जाईपर्यंत ती थांबली. "मग मला बोलावलंत कशाला?"

"तुला दाखवायचं होतं सगळं. तू कुठं काही बघितलंयस?"

"मी बघायला नव्हते आले. तुम्हाला न्यायला आले होते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रात्री दार वाजलं की मला भीती वाटते. ममता गेल्यापासून मी एकाच भाकरीचं पीठ मळते. माणसानं हे फोनवर सांगायचं का?"

"मी तिथं येऊन काय करू, सगुणा?" त्याचंही एकदम बाहेर आलं. "गेल्या खेपेला स्वयंपाकघरात गेलो तर तू म्हणालीस, बसा तुम्ही, मी देते. मागल्या दाराची कडी बसवायला घेतली तर म्हणालीस, राहू द्या, सुतार सांगितलाय. सुतार! महिनाभर मी ओटीवर खुर्ची टाकून बसलो. येणारा जाणारा विचारायचा, परत कधी जाणार? तूसुद्धा विचारायचीस."

सगुणानं ग्लासाभोवतीचा रुमाल नीट केला. मग ती म्हणाली, "चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला कामाला कसं लावायचं? मला वाटायचं, दमून आलेत, जरा बसू द्यावं. मी तुमचे लाड करत होते हो."



"उद्या ऑफिसात जातो," तो म्हणाला. "रद्द करतात कधीकधी. विनंती केली तर."

"नको."

"का?"

"मघाशी वर बघितलं ना मी तुम्हाला. असे हसताना मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. लग्न झाल्यापासून नाही." तिनं पदरानं कपाळ पुसलं, डोळे नाही. "तिथं आणून मी तुम्हाला पुन्हा खुर्चीत बसवेन. मला दुसरं काही येतच नाही आता. आणि तुम्ही बसाल. दोघंही कुणी येतंय का म्हणून वाट बघत राहू."

यावर 'नाही' म्हणायचं होतं. पण या माणसानं पोकळ खांब कधी उभा केला नव्हता, त्याला ते जमलं नाही.

"पी ना," तो म्हणाला. "गार होईल."

तिनं घोट घेतला. डोळे किंचित मिटले.

"कसा झालाय?"

"छान झालाय. आलं मस्त लागतंय." आणखी एक घोट. "साखर मात्र... मी साखर बंद केलीय. डॉक्टरांनी सांगितल्यापासून."

"कधीपासून?"

"झाली चार वर्षं."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही आलात की तुमच्याबरोबर घ्यायचे गोडच. महिन्याभराचा तर प्रश्न."

त्यानं ग्लास परत घ्यायला हात पुढं केला. तिनं दिला नाही. तिथंच उभं राहून, एक एक घोट घेत, तिनं तो तळापर्यंत संपवला, आणि तळाशी राहिलेला चोथा रस्त्याच्या कडेला झटकून ग्लास रुमालानं आतून पुसला. समोर दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "चाचा! आपकी बारी है!"

"जा," सगुणा म्हणाली. "मी आहे इथं."