काळी वायर ग्राउंडला

गल्लीत त्याला सगळे टेस्टर म्हणायचे. लग्नाला जायचं असलं तरी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात टेस्टर खोचलेला असायचाच, म्हणून. तीस वर्षं त्यानं एकाच दुकानात इन्व्हर्टर आणि वेल्डिंगची मशिनं दुरुस्त केली. हाताला यश होतं, बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंदी आनंद. बिघाडाबद्दल विचारा, तासभर बोलेल. बरं आहे का विचारा, तर "हं."

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला गेली आणि या "हं"नं त्याचा घात केला. दर रविवारी तिचा फोन यायचा तो आईला. अर्धा तास हसणं-खिदळणं चालायचं आणि शेवटी बायको फोन पुढे करायची. "बरे आहात ना बाबा?" "हं. घे, आईशी बोल." संपलं. मग आठवडाभर तो मनातल्या मनात तिच्याशी बोलत राहायचा. दुकानातल्या स्टुलावर बसून, टाच आपटत, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी ती पोर त्याला परत हवी होती आणि तिला हाक कशी मारायची हेच त्याला येत नव्हतं.

अशात एका सोमवारी संध्याकाळी सात वाजता फोन आला, तोही चक्क त्याच्यासाठी.

"बाबा, अडकलेय. शनिवारी साहेबांना कन्व्हर्टर दाखवायचाय. अजून सगळं कॉम्प्युटरवरच आहे, खरा नंतर बनवायचा. आत अठ्ठेचाळीस व्होल्ट देतेय. वरचा ट्रान्झिस्टर चालू झाला की पलीकडे अठ्ठेचाळीसच यायला हवेत ना? येतात आठ! गेट ड्रायव्हर तर बरोबर बारा देतोय, मोजलं मी. खरा ट्रान्झिस्टर असता तर एव्हाना धूर निघाला असता."

गेट ड्रायव्हर म्हणजे ट्रान्झिस्टरला उघड-मीट करायला लावणारा भाग. तिनं चित्र पाठवलं. त्यानं चष्मा लावला आणि चहा निवायच्या आत त्याला चूक दिसली. ड्रायव्हरची काळी वायर तिनं ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडली होती. ती हवी होती त्या ट्रान्झिस्टरच्याच सोर्सला, म्हणजे चालू झाल्यावर ज्याचा व्होल्टेज वर चढतो त्या पायाला. तो चढला की ग्राउंडपासून मोजलेले बारा व्होल्ट पुरत नाहीत. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो आणि तापत बसतो. मोजतानाही तिनं मीटरची काळी वायर ग्राउंडलाच धरली होती. मग बारा दिसणारच! 'काळी वायर आधी ग्राउंडला, मग बाकीचं जग,' हा दुकानाचा नियम सातव्या वर्षी तिच्याकडून पाठ करून घेतला होता तो त्यानंच. त्याला हसू आलं.

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण तिकडून ती म्हणाली, "काही सुचतंय का बघा, उद्या सातला परत करते." आणि गिऱ्हाइकाचं मशिन ज्यानं कधी तासभर जास्त ठेवून घेतलं नाही, तो हा माणूस म्हणाला, "बघतो. वेळ लागेल."

मंगळवारी त्यानं कॅपॅसिटर बदलून बघायला सांगितलं. बुधवारी लोड कमी करायला. ती करून बघायची, फरक शून्य, मग बोलण्याची गाडी कुठल्या कुठे जायची. तिच्या खिडकीसमोर विटांची भिंत आहे, हे त्याला बुधवारी कळलं. विचार करताना ती अजून टाच आपटते आणि खालची शेजारीण वैतागून छताला काठी ठोकते, हे गुरुवारी. सात वाजायच्या आधी तो दाढी करून बसू लागला. फोनवर दाढी दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार!

सांगितलं ते बायकोनं, शुक्रवारी, पण दुसरंच. "अहो, तुम्हाला सापडलंय ते. कधीच."

"कशावरून?"

"बिघाड सापडत नसताना तुम्ही कधी खूश दिसला नाहीत." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "काल पोरगी रडवेली झाली होती. उद्या शनिवार. मलाही तिची आठवण येते हो, पण म्हणून मी तिला अडकवून नाही ठेवत."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातला फोन वाजला तेव्हा त्यानं नमनाला घडाभर तेल घातलं नाही. "ड्रायव्हरची काळी वायर ग्राउंडवरून काढ. सोर्सला लाव."

तिकडे कळांची खटखट झाली. "अठ्ठेचाळीस! बाबा, अठ्ठेचाळीस आले! कधी सापडलं?"

खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी," तो म्हणाला.

"सोमवारी?" तिचा आवाज खाली आला. "चार दिवस मी धड जेवले नाहीये, बाबा." आणि फोन बंद झाला.

शनिवारी आईच्या फोनवर एकच शब्द आला, "जमलं." रविवारी नेहमीच्या वेळेला फोन आलाच नाही. मुलीचा नंबर आजवर त्यानं स्वतः कधी लावला नव्हता. कामात असेल, दमली असेल, एक ना दोन सबबी. सात वाजता त्यानं खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला आणि नंबर लावला.

"बाबा?" ती घाबरलीच. "काय झालं? काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं." पुढचं त्यानं ठरवलंच नव्हतं. "पंखा चालू आहे, दुकान चालू आहे, आई ठीक आहे. चुकलं माझं, पोरी. तुझा आवाज रोज ऐकायला मिळत होता... सोडवेना."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मग फोनमधून, लांबून ठकठक ऐकू आली. खालची शेजारीण काठी ठोकत होती.

"आईला देऊ?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुम्हीच बोला."